दार लावून प्रकटीकरण

या लिखाणात एकही नाव नाही. ते भीतीमुळे नाही, हे आधीच सांगते. माझी पत्रकं ज्यांच्या हातात पडली आहेत त्यांना ठाऊक आहे की मला नावं घ्यायला आवडतं, आणि मोठ्या अक्षरात घ्यायला आवडतं. पण ही गोष्ट माझ्या घरची आहे, आणि माझ्या घरच्या प्रत्येकाला दोन नावं आहेत. एक शाळेच्या दाखल्यावरचं, एक देवळात हाक मारायचं. यातलं कुठलं लिहू? एक लिहिलं की दुसरं खोटं पडतं, आणि माझ्या बहिणीची नोकरी जाते. म्हणून कुणाचंच नाही.

आमच्यात चर्चला देऊळ म्हणतात. हे लक्षात असू द्या, पुढं लागेल.

नाताळ सगळ्या जगाला माहीत आहे. केक, तारे, टीव्हीवर मंत्र्यांच्या शुभेच्छा. पण नाताळ उरकल्यावर, जानेवारीच्या सुरुवातीला जो सण येतो तो बाहेरच्यांना माहीत नसतो, आणि आमच्या आतल्यांनाही धड कळलेला नसतो. प्रकटीकरणाचा सण. म्हणजे गोठ्यात जन्मलेलं बाळ, जे तोवर आईबापाला आणि चार मेंढपाळांना ठाऊक होतं, ते परमुलखातल्या शहाण्या माणसांना दिसलं. ती माणसं ताऱ्याच्या मागं मागं आली, विचारत आली, गुडघे टेकून गेली. देव एका गल्लीचा राहिला नाही, उघड्यावर आला, सगळ्यांचा झाला. तिथून पुढं काही आठवडे देवळात हाच विषय चालतो. उजेड. साक्ष. झाकून ठेवू नका. लोकांना दिसू द्या.

हे सगळं आमच्या देवळात दार लावून सांगितलं जातं.

आमचं गाव तेलंगणात, आदिलाबादकडच्या तलमडुगु मंडलातलं. कापूस आणि ज्वारी, पाणी वरून पडेल तेवढंच. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी. गावाच्या खालच्या अंगाला आमच्या लोकांच्या गल्ल्या आहेत. आमचे लोक म्हणजे ज्यांना वरच्या अंगाची माणसं अजूनही लांबून पैसे देतात ते. माझ्या आज्याच्या काळात गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी मिळत नव्हतं. देवळाच्या आवारातल्या विहिरीवर मिळालं, तिथल्या फादरनं स्वतः पोहरा हातात दिला, म्हणून आजा देवळात गेला. पाण्यासाठी धर्म बदलला म्हणून लोक हिणवतात. हो, पाण्यासाठी. तुम्ही दिलं नाही म्हणून.

आज्याच्या चुलतभावाची गल्ली पुढं बौद्ध झाली. त्यांच्या वेशीवर निळा झेंडा आहे, राजरोस. तिथली पोरं मास्तर झाली, क्लार्क झाली, मी त्यांचा हेवा करत नाही. झेंडा लावून दाखला मिळतो, मिळालाच पाहिजे. माझा प्रश्न एवढाच आहे की एकाच खापरपणज्याच्या दोन फांद्या, एकच शिवी दोघांना, एकच हॉटेल दोघांनाही बाहेर बसवणारं, मग कायद्याला आम्ही दोन का दिसतो? कायदा म्हणतो हिंदू असाल, शीख असाल, बौद्ध असाल तर अनुसूचित जातीचे. ख्रिस्ती झालात की तुमची जात गेली. गेली असती तर फार बरं झालं असतं हो! पण ती गेल्याचं गावाला कुणी कळवलंच नाही. वरच्या अंगाला माझी माय आजही पायरीखालीच उभी राहते. देवळातून आली म्हणून तिला कुणी वर बसवत नाही.

तर या कायद्यामुळे आमची सगळी गल्ली कागदावर हिंदू आहे आणि रविवारी ख्रिस्ती. माझ्या बापाच्या मातीवर क्रूस आहे, त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाही. शास्त्र, म्हणजे बायबल, माय तुरीच्या पोत्यामागं ठेवते, फडक्यात बांधून. येशूची तसबीर भिंतीवर आहे, पण ती कॅलेंडरच्या मागं, आणि कॅलेंडर खताच्या दुकानाचं, त्यावर लक्ष्मी. आम्ही प्रार्थनेला बसलो की माय लक्ष्मीला वर दुमडते आणि झाली की खाली सोडते. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं.

कॉलेजात गेल्यावर मी हे बंद केलं. माझ्या कागदावर मी ख्रिस्ती लिहिलं आणि आता मी बीसी-सी आहे, मागासवर्गीयांच्या सी गटातली. हा आमच्यासारख्यांसाठी ठेवलेला कोपरा. बसायला जागा नाही, पण कोपरा आहे. त्याच वर्षी मी आदिलाबादला आमच्या हक्काच्या मोहिमेत काम सुरू केलं. पत्रकं लिहायची, छापून आणायची, बसस्टँडवर वाटायची. सगळ्यांत वर मोठ्या अक्षरात एकच ओळ असायची, उघड बोला.

माझी धाकटी बहीण ते पत्रक वाचून म्हणाली, "अक्का, छान हाय. तुले भाषन द्यायचं हाय, मले नोकरी करायची हाय."

ती हुशार. मास्तरकीची परीक्षा तिनं पहिल्याच झटक्यात काढली. यादीत नाव आलं, त्या दिवशी माय देवळात जाऊन मेणबत्ती लावून आली आणि येताना मारुतीला नारळही फोडून आली. लोकांनी बघावं म्हणून फोडला. मग कुणीतरी मंडल ऑफिसात अर्जी टाकली. कुणी टाकली ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. अर्जीत म्हटलं होतं की हिची सख्खी बहीण बीसी-सी आहे, ख्रिस्ती आहे, मग ही अनुसूचित जातीची कशी? घराची चौकशी व्हावी.

चौकशीला गिरदावर येणार. निजाम गेला, आंध्र गेलं, तेलंगण आलं, पण घरात डोकावणाऱ्या महसुलाच्या साहेबाला आम्ही अजून गिरदावरच म्हणतो.

आणि हे सगळं प्रकटीकरणाच्या आठवड्यात.

त्या वर्षी देवळात नवे फादर आले होते. केरळचे, तरुण, परदेशात शिकून आलेले, मराठी बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसणारे. त्यांनी एक नवीन रीत आणली. सणाच्या दिवशी ताटात खडू ठेवले, त्यावर प्रार्थना केली, पाणी शिंपडलं. मग पोरांना घेऊन घरोघरी निघाले. प्रत्येक घराच्या चौकटीवर, वर, त्या खडूनं लिहायचे. वर्षाचे आकडे दोन बाजूंना, मधे शहाण्यांच्या नावांची तीन इंग्रजी अक्षरं आणि बारके क्रूस. शहाणी माणसं ताऱ्यावरून घर ओळखत आली, तसं आता या खुणेवरून लोकांना कळू दे की ख्रिस्त या घरात राहतो, असं त्यांनी आम्हाला समजावलं. आणि हसले.

माझ्या मायला कळत होतं हे काय चाललंय. पण फादर दारात, हातात खडू, मागं पोरं गाणं म्हणताहेत. नाही कसं म्हणणार? तिनं पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. फादरनी स्टुलावर चढून लिहिलं. उरलेला खडूचा तुकडा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, ठेवा, आशीर्वादाचा आहे. मी बाजूलाच उभी होते. सणाला म्हणून घरी आले होते. खरं सांगते, मला आनंद झाला. पहिल्यांदा आमच्या घराच्या बाहेरच्या बाजूला आमचं काहीतरी लिहिलेलं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला फोन आला. आज-उद्याकडे गिरदावर येतोय.

तिनं फोन ठेवला, ओलं फडकं आणलं आणि स्टूल ओढलं.

"पुसू नको," माय म्हणाली.

"माय, ते दिसते."

"आशीर्वाद हाय तो. पुसला तं गेला."

"आनि नोकरी गेली तं?"

मी मधे पडले. मला पडायचंच होतं. म्हटलं, कशाला पुसायचं, राहू दे, विचारलं तर सांगायचं हो आहोत, आणि आमचा हक्कही आहे, लढू. बहीण स्टुलावरून माझ्याकडे वळली. तिच्या हातातलं फडकं गळत होतं.

"अक्का, तू उघड झाली, अन् अर्जी माह्या नावानं आली. अजून किती उघड व्हायचं हाय तुले?"

"मी काय चोरी केली का?"

"नाई वं, तू कायले करशीन. चोर तं मी हावो."

माय मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. घरात त्या वेळी कापूस भरलेला होता, छताला लागेल एवढा, आणि ढिगाच्या आतून ऊब येत होती. माय कापसातली बोंडाची टरफलं वेचत वेचत म्हणाली, "सनाच्या गोष्टीत पुढं काय होते, सांगा बरं. ते शहाने येऊन गेले, अन् मंग?"

बहीण स्टुलावरून खाली उतरली.

"मंग लेकराले रातोरात मिसर देशात नेऊन लपवलंच ना? देवदूतानंच सांगतलं ना लपवा म्हनून? मंग आमी काऊन लपवू नाई?"

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. माझ्याकडे सगळ्याला उत्तर असतं. मी ती गोष्ट मनात पुन्हा वाचून काढली. बाळाच्या जिवावर उठलेल्या राजा हेरोदानं त्या शहाण्यांना बोलावून सांगितलं होतं, जा, नीट चौकशी करा, बाळ सापडलं की मला कळवा, मीही पाया पडायला येतो. ती चौकशी होती. आणि शहाण्यांची शहाणी गोष्ट ही की त्यांनी परत जाऊन अहवाल दिला नाही, ते दुसऱ्या वाटेनं निघून गेले. देवळात ताऱ्यावर बोलतात, सोन्यावर बोलतात, या दुसऱ्या वाटेवर कुणी फारसं बोलत नाही. माय अंगठा लावत लावत सही शिकलेली बाई. पण तिला त्या गोष्टीतली चौकशी बरोबर दिसली होती.

उपायही तिनंच काढला. आमच्याकडे पोलिओचा डोस द्यायला बाया घरोघर येतात आणि झालं की दारावर खडूनं खूण करून जातात. घरात पोर असो नसो, दार सुटत नाही. माय बहिणीला म्हणाली, "त्याच्या बाजूले पोलिओवाल्यायचं लिव्ह. तसंच, वाकडंतिकडं. मंग सारंच त्यायचं दिसते."

"खडू कुठं हाय?"

मायनं कमरेचा बटवा सोडला आणि आशीर्वादाचा तुकडा काढून दिला.

माझ्या बहिणीचं अक्षर सुरेख आहे, फळ्यावर लिहायचा तिला सराव आहे. तिनं मुद्दाम बिघडवून, घाईत लिहिल्यासारखं इंग्रजी पी काढलं, खाली बाण, खाली तारीख. आणि फादरच्या क्रुसांपैकी एकाची खालची रेघ बोटानं जराशी पुसली, म्हणजे तो अधिकच्या चिन्हासारखा दिसू लागला. आशीर्वादाच्या खडूनं. मी बघत होते. मला हसू आलं आणि त्याचाच संताप आला.

बहिणीचं मत, मी दुपारच्या बसनं आदिलाबादला निघून जावं. मी पिशवी भरत होते तोवर गल्लीत मोटारसायकल वाजली. गिरदावर आला होता. बरोबर साक्षीला बौद्ध गल्लीतले गुरुजी. हे गुरुजी रिटायर झालेले, आज्याच्या चुलतभावाचे चिरंजीव, आमच्या घराची सगळी अंडीपिल्ली जाणणारे. त्यांच्या एका शब्दावर सगळं होतं.

"आत जाय," बहीण मला म्हणाली. "अक्का, हात जोडते, आत जाय."

मी गेले. मधल्या खोलीत कापसाच्या ढिगामागं बसले. 'उघड बोला' छापणारी मी, गळ्यापर्यंत कापसात. यात माझी शरम शोधणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा. मला कापसात बसवणारा तो आहे. कापसाचे तंतू नाकात जात होते, शिंक आली तर सगळं संपणार होतं, म्हणून नाक दाबून मी सगळं ऐकलं.

गिरदावर वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. त्यानं पाणी मागितलं, आणि आमच्या घरचं प्यायला, हे मी त्याच्या बाजूनं नोंदवते. मग तेलुगू टाकून हिंदीवर आला.

"अम्मा, पूजा-पाठ करते?"

"करतो ना साहेब," माय म्हणाली.

"संडे के रोज किधर जाते?"

"देवळात जातो."

"देऊळ बोले तो?"

हे गुरुजींना. गुरुजी जरा थांबले. मग शांतपणे म्हणाले, "गुडि. मंदिर."

कपड्याचा आवाज झाला, बहिणीनं ओढणी सावरली असावी. माय खोटं बोलली नव्हती. आमच्यात देऊळच म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या तोंडात बसलेल्या एका शब्दानं त्या दिवशी आम्हाला झाकून घेतलं.

"और ये बड़ी बेटी? उसका तो बीसी-सी निकला. क्रिश्चन लिखे उसमें."

"थे गेली तिकडं साहेब."

"किधर?"

"तिकडंच. त्यायच्यात. आमचं तिचं काई नाई आता."

"इधर आती?"

"नाई येत."

कापूस गरम असतो, हे ज्यांनी घरात भरलाय त्यांनाच माहीत. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होते, मधे एक कुडाची भिंत. सकाळी तिनंच माझ्या डोक्याला तेल लावलं होतं.

"हौ, बडी अलग हुई," गुरुजींनी जोड दिली. "ये लोग अपने मेंच हैं. एकच खानदान."

बस, झालं होतं. खुर्ची सरकली. बहिणीनं चहा आणला असावा, कपबशी वाजली. तो उठला, दाराशी गेला आणि तिथं थांबला. मला काही दिसत नव्हतं. ऐकू आलं ते एवढंच.

"ये ऊपर क्या लिखे?"

"पोलिओवाल्या बाया लिव्हून गेल्या," माय पटकन म्हणाली.

गुरुजी मराठीत, हळूच, "यंदा लवकर आल्या वाटते."

टोमणा होता तो. गिरदावरला कळला नाही. तो वरच बघत असावा, कारण पुढचा प्रश्न त्यानं सहज विचारला, जाता जाता, त्यात काही डाव नव्हता. पोलिओची खूण बघून कुणीही विचारेल असा प्रश्न.

"अच्छा, छोटा बच्चा है घर में? किधर है बच्चा?"

त्या आठवड्यात आमच्या देवळात रोज हीच गोष्ट वाचली गेली होती. परमुलखाची माणसं दारोदार हेच विचारत आली होती, बाळ कुठं आहे? सणाचा सगळा अर्थ या प्रश्नात आहे. आणि त्याचं उत्तर देणं, बोट दाखवून, हे इथं, याला म्हणतात साक्ष. लहानपणी माय आम्हाला ही गोष्ट सांगायची तेव्हा शहाण्यांचा आवाज जाड काढायची आणि विचारायची, बाळ कुठं हाय? आणि आम्ही दोघी बहिणी ओरडायचो, हितं हाय! आणि लक्ष्मीचं कॅलेंडर वर करायचो.

"अम्मा?"

"नाई साहेब," माय म्हणाली. "हितं कोनी बाळ नाई."

तो गेला. शहाणे दुसऱ्या वाटेनं गेले होते, गिरदावर आला त्याच वाटेनं गेला, आणि त्यानं अहवाल दिला. आमच्या बाजूनं दिला. घर हिंदू, जात बरोबर, हरकत नाही.

मी बाहेर आले तेव्हा माझ्या केसांत, भुवयांवर सगळीकडे कापूस. बहीण मला बघून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि माझ्या गळ्यात पडली. गुरुजी अजून दारात होते. त्यांनी मला असं झाकलेलं पाहिलं आणि म्हणाले, "आली का वं तिकडून?"

मी केसांतला कापूस काढत राहिले.

मग ते मायला म्हणाले, "वैनी, माह्या बापानं तुमच्या सासऱ्याले तवाच म्हनलं होतं, आमच्यासंगं चाल म्हनून. आज हे पोलिओ-बिलिओ करा लागलं नसतं."

"तवा तुमच्या बापाच्या घरी हीर होती का गुरुजी?" माय म्हणाली.

गुरुजी हसले. चांगला माणूस. त्यांनी त्या दिवशी आम्हाला वाचवलं, आणि मला त्याचाच राग आहे. माझी बहीण परीक्षा पास झाली ती अभ्यासानं, आणि मास्तरीण झाली ती गुरुजींच्या मेहेरबानीनं. हक्क होता तो. त्याला उपकार कुणी केलं?

गुरुजी गेल्यावर मी मायसमोर बसले. मनात भाषण तयार होतं, तोंडातून वेगळंच निघालं.

"माय, तू मले नाई म्हनली."

ती कापूसच निवडत होती. "तू मोठी हायेस. तुले समजते काऊन म्हनलं ते."

"अन्?"

"त्या लेकराले काय समजन?"

मला आधी कळलं नाही कुठलं लेकरू. मग कळलं, गोठ्यातलं.

"तूच म्हनली होती ना लपवलं म्हनून? मिसरात नेलं म्हनून?"

"लपवनं येगळं असते," ती म्हणाली. "नाई म्हननं येगळं."

त्यानंतर ती या विषयावर बोलली नाही. दाखला आला. बहिणीला उटनूरकडच्या एका शाळेत नेमणूक मिळाली. पहिल्या दिवशी ती नवी साडी नेसून मायच्या पाया पडली. माझ्याही पडली. मी तिला दोष देत नाही. पोरांना ती चांगलं शिकवते, आणि ती पोरं आमच्यासारख्याच गल्ल्यांमधली आहेत. पण ती आता देवळात येत नाही. शाळेतलं कुणी बघेल. नाताळला ती मायला फोन करते आणि विचारते, काय करून राह्यली? माय म्हणते, काई नाई, सैपाक. दोघी सणाचा शब्द काढत नाहीत. फोनवर कोण ऐकतंय कुणास ठाऊक, असं मायला वाटतं. मी तिला हसत नाही.

फादरना मी एकदा सगळं सांगितलं. ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, देव समजून घेतो. आणि या वेळी हसले नाहीत. मी म्हटलं, फादर, देव समजून घेतो हे मला माहीत आहे, देवाबद्दल माझी तक्रारच नाही. पण तुम्ही दर वर्षी सांगता की प्रकट व्हा. कुणापुढं? ज्याचं काही जाणार नाही तोच या देशात प्रकट होतो. शहरातल्या मोठ्या देवळांवर तारे लागतात, विजेचे, चौकातून दिसतील असे. आमचं प्रकटीकरण म्हणजे कुणाला काय दिसू नये याची उजळणी. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. त्यांचं मराठी तेवढं नव्हतं, की माझं बोलणं तेवढं बरोबर होतं, कोण जाणे.

पुढच्या जानेवारीत ते पुन्हा खडू घेऊन आले. आमच्या दाराशी थांबले, वर बघितलं. जुनी खूण अजून होती, चौकटीवर पाऊस लागत नाही. आशीर्वाद फिकट झालेला, बाजूचं पी ठळक. बहिणीनं दाबून लिहिलं होतं. माय बाहेर आली आणि म्हणाली, "राहू द्या फादर. लिव्हलेलं हाय." त्यांनी मान हलवली आणि पोरांना घेऊन पुढच्या घरी गेले. पोरांचं गाणं गल्लीत ऐकू येत राहिलं.

आमच्या देवळात नाताळपासून गोठा मांडलेला असतो. गवत, मातीची मेंढरं, एक कान तुटलेलं गाढव, मधे बाळ. हा काळ संपला की गोठा काढतात, आणि त्याआधीच्या रविवारी सगळे एकेक करून पुढं जातात आणि बाळाच्या पायाचा मुका घेतात. एवढ्या ओठांनी त्या पायाचा रंग उडून गेलाय, आतली खडूसारखी पांढरी माती दिसते. लहानपणी आम्हाला कडेवर घेऊन माय सगळ्यांत पुढं असायची. दोघींचे मुके झाले की मग तिचा.

त्या जानेवारीत, त्या रविवारी माय सतरंजीवर बसून राहिली. बायका उठल्या, रांग लागली. शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. तिनं गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. तिचा गुडघा दुखत नाही, आदल्या दिवशी तिनं दिवसभर कापूस वेचला होता. मी उभी राहिले, तिच्यासाठी थांबले. ती जमिनीकडे बघत होती.

"चाल ना माय."

"तू जाऊन ये."

"काऊन?"

"कोन्या तोंडानं जाऊ?" ती म्हणाली. हळूच, बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून.

मोहिमेत मी किती जणांसमोर बोलते. ऑफिसरांसमोर, पोलिसांसमोर, एकदा तर एका आमदारासमोर. कायद्याचं कलम मला पाठ आहे. पण ज्या कायद्यानं माझ्या मायच्या तोंडून ते वदवून घेतलं, तो त्या सतरंजीवर नव्हताच, ओठ तिचे होते आणि ती तेवढंच जाणत होती.

मी रांगेत गेले. वाकले, मुका घेतला, परत येऊन तिच्या शेजारी बसले. पुढं मेणबत्त्या विझवणं चाललं होतं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि आजारी माणसाची चौकशी करावी तसं विचारलं,

"हाय का तितं?"

"हाय," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. दाराकडे एकदा बघितलं.

"मंग कोनाले सांगू नको."